कॉलेजच्या पोरांना एक एफएम द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत वॉशिंग्टनला डब्ल्यूएचयूआर म्हणून एक एफएम स्टेशन आहे, 96.3 वर लागतं. माझी मावसबहीण तिकडेच असते, कामावरून येताना गाडीत तेच लावते, तिच्याकडून कौतुक ऐकून ऐकून मीपण इंटरनेटवर ऐकायला लागलो आणि मग त्याचा सगळा इतिहास वाचून काढला. तो गोव्यात लोकांना कळावा म्हणून हे पत्र.

हे स्टेशन आधी वॉशिंग्टन पोस्टवाल्यांचं होतं. 1971 साली त्यांनी ते हॉवर्ड युनिव्हर्सिटीला चक्क देऊन टाकलं. हॉवर्ड म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची जुनी, नावाजलेली युनिव्हर्सिटी. पुढे कॅथी ह्यूज नावाच्या बाई जनरल मॅनेजर झाल्या, आणि 1976 मध्ये मेल्विन लिंडसे नावाचा एक विद्यार्थी, इंटर्न होता फक्त, ठरलेला निवेदक आला नाही म्हणून त्याला रात्री माइकसमोर बसवलं. त्याने संथ, प्रेमाची गाणी एकामागून एक लावली, मध्ये हळू आवाजात चार शब्द, बस्स. लोकांनी डोक्यावर घेतलं! 'क्वाएट स्टॉर्म' नावाने तो कार्यक्रम चालला आणि देशभरच्या स्टेशनांनी तसलेच कार्यक्रम काढले. आता ज्याला अर्बन अडल्ट कंटेम्पररी म्हणतात, म्हणजे पोरवय मागे पडलेल्या श्रोत्यांसाठी सोल (कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण संगीत) वगैरे गाणी, ते हे स्टेशन आजही वाजवतं, आणि मालक अजून युनिव्हर्सिटीच आहे.

आता आपल्याकडे बघा. रेडिओच्या बाबतीत गोवा काही मागासलेला नव्हता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 ते 1961 जंगलात राहून गुप्त रेडिओ चालवला, आंबोली काय, कॅसलरॉक काय, पाऊस काय, आणि त्या दोघांनी तो पोर्तुगीज सरकारच्या हाती लागू दिला नाही. 1962 पासून पणजी आकाशवाणी आहे. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्यांना एफएमवर वेळ विकायला सुरवात झाली तेव्हा मुंबई, दिल्लीबरोबर पणजीचंही नाव होतं.

माझं फोंड्यात शिलाईचं दुकान आहे. मशीनच्या बाजूला रेडिओ दिवसभर चालू असतो, एरियल मोडलाय म्हणून वायर खिडकीच्या गजाला बांधलीय. रात्री उशिरापर्यंत काम असतं, विशेषतः चवथीच्या आधी, तेव्हा मी स्टेशन बदलत बसतो आणि खासगी एफएमवर सगळीकडे तीच नवीन हिंदी-इंग्लिश गाणी, तोच आरडाओरडा. नवीन गाण्यांवर माझा राग नाही, पोरांनी ऐकावीत, पण पन्नाशीच्या माणसाने रात्री दहाला काय ऐकायचं? अभिषेकीबुवा मंगेशीचे, आणि केसरबाई केरीच्या, ज्यांचं गाणं 1977 मध्ये व्हॉयजर यानातून अंतराळात पाठवलं, पण या दोघांचा आवाज खासगी एफएमवर मी तरी कधी ऐकला नाही. मांडो, म्हणजे आपली ती संथ कोकणी प्रेमगीतं, नाहीत, जुनी कोकणी गाणी नाहीत, भावगीतं नाहीत. आकाशवाणी यातलं काही लावते, ते मी नाकारत नाही, पण सगळा भार तिच्यावर किती दिवस टाकायचा.

कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे आसपासच्या लोकांपुरत्या छोट्या एफएम स्टेशनचं, लायसन्स शैक्षणिक संस्थेला मिळतं, चेन्नईच्या अण्णा युनिव्हर्सिटीने 2004 मध्येच सुरू केलं. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक असलेच पाहिजेत असा नियमच आहे, आणि आता तासाला 12 मिनिटं जाहिरातीही घेता येतात. रेंज थोडी असते, पण फोंडा आणि आजूबाजूच्या चार गावांना पुरते. मग गोवा विद्यापीठाने किंवा फोंडा, म्हापसा, मडगावच्या एखाद्या कॉलेजने यात पुढे का येऊ नये? मास कम्युनिकेशन शिकणारी पोरं आहेत, एकांकिका करणारी आहेत, त्यांना रात्रीचे दोन तास द्या, मराठी, कोकणी, पोर्तुगीज, जे जुनं ते लावू दे. निवेदन करताना ओरडायचं नाही एवढीच अट.

रेकॉर्ड्स कुठून आणणार असं कोणी विचारील. प्रसारणाचे हक्क बघावे लागतील हे खरं, पण गोव्यात घरोघरी जुन्या कॅसेट, एलपी पडून आहेत. कॉलेजने हाक दिली तर माझ्या वडिलांची नाट्यसंगीताची पेटी मी पहिल्यांदा आणून देईन, परत मागणार नाही.

आपला,
एक श्रोता, फोंडा