तीन नोंदींची एक केल्याबद्दल

इरिट काट्रिएल यांना,

सप्रेम नमस्कार.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात तुमचं नाव निघतं ते बहुधा एक्सेप्शन ग्रुप्समुळे, म्हणजे अनेक एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उठणाऱ्या चुका) एकत्र हाताळायच्या सोयीमुळे. मला मात्र आभार मानायचेत ते त्याच 3.11 आवृत्तीत तुम्ही केलेल्या दुसऱ्या एका कामाचे. बदलांच्या यादीत त्याची एक छोटी नोंद आहे आणि नुसतं पायथन लिहिणाऱ्याला ती वाचायची गरजही पडत नाही. मी सी एक्स्टेंशन (पायथनला जोडलेला सी भाषेतला कोड) सांभाळतो, म्हणून वाचली.

हाताळल्या जात असलेल्या एक्सेप्शनबद्दल इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) तीन गोष्टी वेगवेगळ्या जपायचा: प्रकार, प्रत्यक्ष ऑब्जेक्ट आणि ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठून आली याचा माग). पायथन 2 मध्ये याला कारण होतं. तेव्हा ट्रेसबॅक एक्सेप्शनला चिकटलेला नसायचा, तो वेगळा सांभाळावाच लागे. 2008 साली 3.0 आलं आणि ट्रेसबॅक ऑब्जेक्टच्या आत जाऊन बसला. प्रकार तर ऑब्जेक्टला विचारला की कळतोच. तरीही 2022 पर्यंत तिन्ही खाती तशीच चालू राहिली.

एकाच उधारीच्या तीन वह्या ठेवल्या की कागद वाया जातो हे खरं दुखणं नव्हे. त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात, हे दुखणं. 3.10 मध्ये एक्सेप्ट ब्लॉकच्या (एक्सेप्शन पकडणाऱ्या भागाच्या) आत एक्सेप्शनचा ट्रेसबॅक पुसून टाका आणि मग चालू एक्सेप्शनची माहिती देणाऱ्या सिस.एक्स्क_इन्फो() ला विचारा. ते जुनाच ट्रेसबॅक हातावर ठेवतं! ऑब्जेक्ट एक सांगतोय, इंटरप्रिटर दुसरंच. तुम्ही प्रकार आणि ट्रेसबॅक यांची खाती काढून टाकलीत, फक्त ऑब्जेक्ट ठेवलात आणि उरलेल्या दोन गोष्टी मागितल्या की त्याच्यातूनच काढून द्यायची सोय केलीत. आता विसंगतीला जागाच उरली नाही.

बाइटकोड (इंटरप्रिटर पाळतो त्या बारीक सूचना) बघितला की तर जीव सुखावतो. पूर्वी एक्सेप्ट ब्लॉकमध्ये शिरताना जुन्या एक्सेप्शनच्या तीन आणि नव्याच्या तीन अशा सहा गोष्टी स्टॅकवर (इंटरप्रिटरच्या कामाच्या चळतीवर) चढायच्या, आणि लगेच त्यांतल्या नको त्या उतरवायला पॉप_टॉप या सूचनेची रांग लागायची. नव्या मुलांना हे समजावताना "हे असं का?" या प्रश्नाला माझ्याकडे इतिहास सोडून उत्तर नसायचं. आता जुन्याचा एक, नव्याचा एक. प्रश्नच कोणी विचारत नाही.

पण सगळ्यात जास्त आभार बाहेरचं घर न हलवल्याबद्दल. एक्स्क_इन्फो() आजही तिघांचं टपल (एकत्र बांधलेला संच) देतं. विथ ब्लॉक संपताना चालणाऱ्या __एक्झिट__ ला आजही तीनच आर्ग्युमेंट मिळतात. सी-एपीआयमधलं (सी कोडला पायथन वापरू देणाऱ्या फंक्शनांतलं) पायएर_सेटएक्स्कइन्फो तर तीन आर्ग्युमेंट घेतं, त्यांतली दोन चक्क दुर्लक्षित करतं, आणि तरी तिन्हींचे रेफरन्स (ऑब्जेक्टवरची मालकी) पूर्वीसारखेच स्वतःकडे घेतं, कारण जुना कोड तेवढ्यावर विसंबून आहे. हे वाचून मी हसलो होतो. पण दुसऱ्याच्या कोडची इतकी काळजी वाहणं सोपं नाही, हेही तेव्हाच जाणवलं. ज्यांनी थेट इंटरप्रिटरच्या पोटात हात घातला होता त्यांना मात्र बदलावं लागलं. सायथनच्या (पायथनसारख्या कोडचं सी एक्स्टेंशन बनवणाऱ्या साधनाच्या) कोडमध्ये 3.11 साठी वेगळा फाटा आहे तो त्यामुळेच.

पुढच्याच वर्षी, 3.12 मध्ये, मार्क शॅनन यांनी नुकत्याच उठलेल्या, अजून कोणी न पकडलेल्या एक्सेप्शनच्या बाबतीत हाच मार्ग धरला. एक्सेप्शन काढून घेणाऱ्या आणि परत ठेवणाऱ्या फेच आणि रिस्टोअर या फंक्शनांची ती जुनी जोडी, मधे नॉर्मलाइझ करायला (खरा एक्सेप्शन ऑब्जेक्ट बनवून घ्यायला) विसरलात की घात, तिथून कालबाह्य ठरली. त्यांचेही आभार याच पत्रात घालतो.

आमच्या एक्स्टेंशनमध्ये तीन पॉइंटर सांभाळणारा जुना फाटा अजून आहे. एक ग्राहक 3.9 सोडायला तयार नाही. तो हलला की पहिल्यांदा तेवढ्याच ओळी उडवणार आहे.

तुमचा,
पुण्यातला एक सी-प्रोग्रामर