पिशवी काढल्यावर गाठ कुठून?

मँचेस्टर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

दाजींनी पाठवलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला. ओटीपोटात आतड्यालगत दोन गाठी, फायब्रॉइडसारख्या (म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूत होणाऱ्या साध्या गाठींसारख्या) दिसतात, असं लिहिलंय. गर्भपिशवीच काढली तर फायब्रॉइड आलं कुठून, हा तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. फोनवर मामींच्या गलक्यात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. भोकं बोटभर आणि पिशवी मोठी असली, की पुष्कळदा मॉर्सेलेटर नावाच्या यंत्रानं पोटातच तिचे तुकडे करून बाहेर ओढतात. त्यातल्या फायब्रॉइडचा एखादा बारका तुकडा आत राहिला तर तो आतड्यावरच्या चरबीच्या पडद्याला नाहीतर पोटाच्या अस्तराला चिकटू शकतो आणि आंब्यावरच्या बांडगुळासारखा तिथलंच रक्त पिऊन वाढू शकतो. तुझ्या ओव्हरी ठेवल्यात, त्यांच्यातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर तो पोसतो. लपलेला कॅन्सर असा पसरू नये म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०१४ साली या यंत्राबद्दल इशारा दिला. आता बरेच सर्जन आत बंद थैली धरून त्यातच तुकडे करतात. तुझ्या वेळी यंत्र वापरलं की नाही हे जुन्या नोट्स बघितल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा दाजींनी आत्ताच डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये. कधी कधी ऑपरेशन न होताही देठाचं फायब्रॉइड सुटून दुसरीकडे जाऊन चिकटतं.

आता भीतीचं. अशा गाठी बहुतेक साध्याच निघतात. पण नुसत्या सोनोग्राफीवर मी कुणाला तसं म्हणू देणार नाही. ओव्हरीची गाठ, आतड्याची जिस्ट नावाची गाठ, क्वचित सार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या भागातला कॅन्सरसुद्धा तसाच दिसतो. आधी एमआरआय कर. रक्ताच्या तपासणीत सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढणारं एक प्रथिन) थोडं वाढलेलं आलं तरी रडत बसू नकोस, साध्या फायब्रॉइडमध्येही ते वाढतं. खरा निकाल पॅथॉलॉजीचा, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा, हे मी लॅबमध्ये काम करते म्हणून म्हणत नाही! सुईनं तुकडा घ्यायचा की गाठ अख्खी काढूनच तपासायची, ते डॉक्टर ठरवतील. छातीचा फोटोही काढायचा का, ते विचार. अशा साध्या गाठी कधीकधी फुफ्फुसातही सापडतात.

त्रास होत असेल किंवा गाठी वाढत असतील तर त्या काढणं हाच मुख्य उपाय. मूत्रनळी जवळ असेल तर हात जपून चालवावा लागतो, म्हणून अनुभवी सर्जन बघा. गाठी पुष्कळ, अवघड जागी असल्या तर हार्मोन दाबणारी इंजेक्शनं देतात. त्रास नसेल तर नुसतं लक्षही ठेवता येतं, पाळीचं वय सरल्यावर त्या बहुधा आक्रसतात. शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या हार्मोनच्या गोळ्या मात्र बंद, आजपासून.

त्र्यंबोलीची यात्रा होऊन जाऊ दे, असं म्हणू नकोस, एमआरआय त्याआधीच होऊ दे. जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट शोध आणि त्या लॅबमध्ये काढलेल्या पिशवीचे जपून ठेवलेले नमुने, म्हणजे स्लाइड, ब्लॉक अजून आहेत का विचार. ती फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत, आईच्या रेशनकार्डांखाली असेल. दाजींना चढव, तू चढू नकोस.

तुझी,
छोटी