बाबा, आधी त्याचे पाय बघा

कोलंबस, ओहायो
2 जानेवारी 2022

ती. आई-बाबांना सा. न.

काल रात्री फोन करणार होतो, पण बोलताना आवाज फुटला असता. म्हणून लिहितोय. दादा प्रिंट काढून देईल, सावकाश वाचा.

काल इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. कॅलिफोर्नियात पासाडेनाला, रोझ बोल नावाची मानाची मॅच, समोर यूटा विद्यापीठ. आमचे दोन मोठे रिसीव्हर (पुढे पळत जाऊन फेकलेला बॉल पकडणारे) एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, तयारीसाठी खेळणार नव्हते, म्हणून पहिल्या वर्षाच्या एका पोराला सुरुवातीपासून उतरवलं. मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर. अख्ख्या सीझनमध्ये त्याने जेमतेम पाच बॉल पकडले होते. काल एकट्या मॅचमध्ये सहा, त्यांतले तीन टचडाऊन, म्हणजे थेट समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये! हाफटाइमला आम्ही 35-21 असे मागे होतो, शेवटी 48-45 जिंकलो. आमच्याच दुसऱ्या रिसीव्हरने, जॅक्सन स्मिथ-इन्जिग्बाने, बॉल पकडून 347 यार्ड काढले, मॅच खरी त्याचीच. पण माझी नजर हॅरिसनच्या 18 नंबरवरून हलेना.

त्याच्या वडिलांचंही नाव मार्व्हिन हॅरिसन. एनएफएलमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्स संघाकडून 13 सीझन, 1,102 कॅच, 2016 साली हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत. 2002 साली त्यांनी एका सीझनमध्ये 143 बॉल पकडले, तो विक्रम 2019 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. हा मुलगा जन्मला तो त्याच 2002 साली. इंडियानापोलिस इथून गाडीने तीन तासांवर, तेव्हा ते नाव इथे कुणाला सांगावं लागत नाही.

बाबा, रिसीव्हरचं काम तुम्हाला लगेच कळेल. कबड्डीतली चढाईच आहे ती. एका पायावर भार टाकून समोरच्याला झुकवायचं आणि दुसरीकडून निसटायचं. थोरले हॅरिसन कडेच्या रेषेशी पायाची बोटं जेमतेम आत टेकवून बॉल घ्यायचे. तुम्ही लॉबीच्या रेषेवर टाच उचलून वळायचात ना, तसं.

नववीत मी कबड्डी सोडली तेव्हा अभ्यासाचं कारण सांगितलं होतं. ते खोटं होतं. तालुक्याच्या सामन्यात माझी पकड झाली आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बापाचं नाव घालवलंस रे!" तुम्ही पाण्याच्या पिंपाशेजारी उभे होतात. काही बोलला नाहीत. घरी आल्यावर ओट्यावर बसवून माझे खरचटलेले गुडघे धुतलेत, खडे एकेक करून काढलेत. तुमच्या गप्प बसण्याचा मी भलताच अर्थ लावला. तुम्हालाही तसंच वाटतंय, असं धरून चाललो, आणि विचारायचं धाडस आजवर झालं नाही.

आई, तुला माहीत होतं ना? माझी खेळायची निळी चड्डी तू दोन वर्षं घडी घालून कपाटात ठेवली होतीस.

काल तो पोरगा पाठीवर तेच नाव घेऊन तिसऱ्यांदा एंड झोनमध्ये पोचला, तेव्हा मी एकटाच घरात उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

दादाला क्लिप पाठवली आहे. बाबा, पहिल्यांदा नुसते पाय बघा, बॉल नंतर. आणि मी फोन करेन तेव्हा सांगा, त्या दिवशी पिंपाशेजारी तुमच्या मनात काय होतं. जे असेल ते सांगा. आई, त्यांच्या गुडघ्याला रात्री तेल लावायला विसरू नकोस.

तुमचा,
बाळू