कव्हर कोणासाठी करायचं?

प्रिय निल्या,

तुझ्या नाट्यपदांच्या सीडीचं कव्हर मी करून देतो, नक्की. पण तू "असं काहीतरी" म्हणून जो काळ्यावरचा त्रिकोण पाठवलास ना भिया, तो पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडच्या अल्बमचा आहे, १९७३ चा. त्याच्या दर्शनी बाजूला ना बँडचं नाव ना अल्बमचं, आणि तरी चाललं, कारण त्यांच्या श्रोत्यांना ते कोडं आवडायचं, ज्याला माहीत तो आपला. तुझ्या सीडीवर नाव नसेल तर रामबागेतल्या काकू ती उलटीसुलटी करून परत ठेवून देतील.

आजोबांच्या तबकड्या परवा काढल्या होत्या, त्यातली अमीर खाँसाहेबांची एलपी बघ, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, बस. शास्त्रीय ऐकणारा माणूस रेकॉर्ड हातात घेतली की आधी पालथी करतो, राग कुठला, साथीला कोण, मग मागचा बारीक इंग्रजी मजकूर, आजोबा तर गाणं ऐकताना तो पुन्हा पुन्हा वाचायचे. सिनेमावाल्याला मागची बाजू नसली तरी चालतं, त्याला पुढे हिरो-हिरोईन पाहिजे. शोलेच्या तर नुसत्या डायलॉगच्या रेकॉर्डी लोकांनी घेतल्या, म्हणजे तो पिक्चरच घरी नेत होता की! मग कॅसेट आली आणि सगळा खेळ डबीच्या कडेच्या पट्टीवर आला, दुकानात रॅकमध्ये तेवढीच दिसायची, म्हणून त्या चिंचोळ्या जागेत नाव ठळक.

तसं कव्हरवर चित्र असावं हेही आधी फारसं कोणाला सुचलेलं नव्हतं, साध्या कागदी पाकिटात नाहीतर पुस्तकासारख्या जाड अल्बमात रेकॉर्डी यायच्या, कोलंबिया कंपनीत १९३९ ला अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा पोरगा लागला त्याने खास चित्रं काढायला सुरुवात केली.

आणि आता माझी भाची बघ, कोरियन बँडची वेडी, घरात सीडी प्लेयर नाही तरी अल्बम मागवते! आत फोटोबुक, पोस्टर आणि एखादं फोटोकार्ड, म्हणजे बँडमधल्या एकाचा छोटा फोटो, पण कोणाचं निघेल ते नशीब. त्यातल्या बीटीएस बँडचा २०१८ चा एक अल्बम तर चार वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये निघाला, गाणी तीच. मैत्रिणींमध्ये कार्डांची अदलाबदल चालते. मला आधी हा शुद्ध धंदा वाटायचा, अजूनही वाटतो, पण ती ते कार्ड मोबाइलच्या कव्हरमागे घालून फिरते, तेवढी जवळीक आपल्या कुठल्या सीडीला मिळाली सांग बरं?

तर तुझं गिऱ्हाईक कोण? आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या कार्यक्रमाला येणारी मंडळी, साठीच्या पुढची, आणि अमेरिकेतल्या त्यांच्या मुलांना पाठवायला ती दोन-दोन घेणार. पुढे तुझा फोटो आणि नाव मोठ्या अक्षरात. मागे प्रत्येक पदासमोर नाटक, राग, आणि ऑर्गन-तबल्यावर कोण होतं ते, चश्मा न लावता वाचता येईल असं. कोपऱ्यात क्यूआर कोड, कारण नातवंडं मोबाइलवरच लावून देणार. आणि तिथे कव्हर टिकलीएवढं दिसतं म्हणून पुढच्या बाजूला गर्दी नको, तंबोरा, मोर, समई काही नाही, प्लीज.

पदांची यादी आणि साथीदारांची नावं शुद्धलेखन तपासून पाठव. फोटोही पाठव, फक्त तो गॉगलवाला नको.

तुझा,
बंड्या