बुंध्याचा भाव फोनवर इंचात सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

झाड पाडल्यावर जो बुंधा जमिनीत राहतो तो मशीनने, म्हणजे दात बसवलेल्या फिरत्या चाकाने, दळून काढायचं काम मी करतो, म्हणजे स्टंप ग्राइंडिंग. या धंद्यात उतरू बघणारी पोरं भेटली की मला ठरलेले दोनच प्रश्न विचारतात, इंचाला किती लावू आणि मशीन कुठलं घेऊ. दोन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत आणि ती कोणी नीट सांगत नाही, त्यापायी चांगली कष्टाळू माणसं मशीन विकून मोकळी झालेली मी बघतो, म्हणून हे पत्र. गिऱ्हाईक म्हणून वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल कारण शेवटी नुकसान दोघांचंही होतं.

इंचाचा दर म्हणजे काय तर बुंध्याची रुंदी टेपने मोजायची आणि जितके इंच तितके गुणिले दर. ऐकायला सोपं, फोनवर सांगायला त्याहून सोपं. पण लाकूड रुंदीच्या हिशोबाने वाढत नाही हो, क्षेत्रफळाच्या हिशोबाने वाढतं. 12 इंची बुंध्याचं तोंड साधारण 113 चौरस इंच, 24 इंचीचं 452 आणि 36 इंचीचं जवळजवळ 1018. म्हणजे 12 वरून 24 वर गेलात की बिल दुप्पट आणि दळायचं लाकूड चौपट, 36 वर गेलात तर बिल तिप्पट आणि लाकूड नऊपट. आता छोट्या बुंध्याला मशीन उतरवणं, आडोसा लावणं, साफसफाई हा वेळ मोठ्याइतकाच जातो त्यामुळे प्रत्यक्षात वेळ काही अगदी चौपट नऊपट होत नाही, पण मोठ्या बुंध्यावर सरळ इंचाचा दर लावणं हा आतबट्ट्याचाच व्यवहार आहे. आणि उलट बाजूने तोटा भरून काढायला जो दर वाढवतो तो छोट्या बुंध्यावाल्या गिऱ्हाईकाला लुटतो.

त्यात माप कुठे घेतलं हा वेगळाच घोळ. गिऱ्हाईक फोनवर सांगतं दीड फुटाचा आहे, कारण त्याने करवतीने कापलेलं वरचं तोंड मोजलेलं असतं, आणि जागेवर जाऊन बघावं तर जमिनीलगत मुळं फाकून तोच बुंधा अडीच फूट झालेला. 18 चे 30 इंच म्हणजे क्षेत्रफळ पावणेतीन पट. शब्द तर देऊन बसलाय, आता एकतर तोंड वाईट करायचं नाहीतर पदरमोड करून काम उरकायचं. म्हणून मी म्हणतो माप जमिनीला टेकून, सगळ्यात रुंद जागी, फाकलेल्या मुळांसकट, आणि स्वतः जाऊन. जाणं जमत नसेल तर जमिनीलगत टेप धरून फोटो मागवा, बाजूला फाटकाचाही फोटो मागवा, त्याचं कारण पुढे येईल.

मग भाव काढायचा कसा? मशीनच्या तासावरून. मशीनच्या किमतीतून पुढे विकताना जे येईल ते वजा करा, उरलेल्याला जितके तास ते तुमच्याकडे चालणार त्याने भागा. त्यात दात, बेल्ट, बेअरिंग, ऑइल, फिल्टर मिळवा, डिझेल पेट्रोल मिळवा, इन्शुरन्स, ट्रेलर आणि तो ओढणारी गाडी मिळवा, तुमची आणि मदतनिसाची मजुरी मिळवा. मजुरी धरायला लोक विसरतात, म्हणतात मी तर घरचाच आहे. घरचा असलात तरी उद्या पाठ धरली तर तुमच्या जागी माणूस ठेवावाच लागेल ना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तास कुठले मोजायचे. मशीनचा अवर मीटर इंजिन चालू असतानाच पुढे सरकतो, पण तुमचा दिवस जातो प्रवासात, ट्रेलरवर चढवण्या-उतरवण्यात, कामं बघून येण्यात, भुगा ओढण्यात, ग्रीस मारण्यात. समजा आठ तासांच्या दिवसात चाक फक्त तीन तास फिरलं तर अख्ख्या दिवसाचा खर्च त्या तीन तासांतूनच निघायला हवा. हे गणित ज्याने एकदा कागदावर मांडलं तो फोनवर पटकन इंचाचा भाव फेकणार नाही. इंचाचं माप वापरूच नका असं माझं म्हणणं नाही, अंदाजाला ते चांगलं आहे, पण तो अंदाज तासाच्या खर्चाशी ताडून बघा आणि दोन फुटांच्या वरच्या बुंध्यांना चढता दर ठेवा. शिवाय कितीही छोटा बुंधा असला तरी एक किमान रक्कम ठेवायचीच, कारण चार इंची खुंटासाठीसुद्धा गाडी तेवढीच चालते. एकाच जागी पाच-सहा बुंधे असतील तर सूट जरूर द्या, तिथे प्रवास वाचलेला असतो, सूट तुमच्या खिशातून जात नाही.

आता खोली. दोन मशीनवाल्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक दिसला की गिऱ्हाईक समजतं महागवाला लुटतोय, आणि पुष्कळदा फरक असतो तो खोलीचा. एकजण चार इंच तासून वर भुगा पसरून निघून जातो, दुसरा बारा इंच खाली जातो. नुसतं गवत लावायचं असेल तर सहा-आठ इंचांत भागतं, त्याच जागी पुन्हा झाड लावायचं असेल तर एक फूट आणि त्याहून खाली जावं लागतं, मुळांचा घेरही मोकळा करावा लागतो. आणि त्यावर फरशी किंवा बांधकाम येणार असेल तर दळण्यावर थांबूच नका कारण खाली राहिलेलं लाकूड कालांतराने कुजतं आणि जमीन खचते, तिथे बुंधा खणून काढणं हाच मार्ग. हे गिऱ्हाईकाला आधी विचारायचं, तिथे पुढे काय करणार आहात. या एका प्रश्नावर अर्धा भाव ठरतो.

भुग्याचंही तसंच. बुंधा दळला की माती मिसळून फुगतो आणि जो ढीग होतो तो बघून लोक चाट पडतात, एवढ्याशा बुंध्यातून एवढं निघालं कसं. तो खड्ड्यात परत लोटायचा, बाजूला ढीग करायचा की भरून न्यायचा, हे भावात वेगळं लिहा. कित्येकदा दळायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त भरायला लागतो. खड्डा नुसत्या भुग्याने भरला तर काही महिन्यांनी बसतो, आणि मातीत मिसळलेला ताजा भुगा कुजताना नत्र ओढून घेतो त्यामुळे वर लावलेलं गवत पिवळं पडतं. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर फोन येत नाहीत.

लाकडाची जात, ताजेपणा यावरही वेळ बदलतो, वाळून कडक झालेला जुना बुंधा दातांना छळतो, माडासारख्या झाडाचे तंतू चाकाभोवती गुंडाळले जातात. पण खरा शत्रू लाकूड नाहीच, दगड आणि लोखंड. कुंपणाची तार गिळून वाढलेली झाडं असतात, खिळे असतात, पोकळीत कोणीतरी सिमेंट ओतलेलं असतं. दाताच्या टोकाला कार्बाइड असतं, ते कठीण आहे पण ठिसूळ आहे, सिमेंटवर आपटलं की टवका उडतो. म्हणून कोटेशनमध्ये एक ओळ हवीच की आत धातू किंवा काँक्रीट निघालं तर दातांचा खर्च वेगळा. ही ओळ लिहायला लाजू नका.

दातांवर थोडं जास्त लिहितो कारण नफा तिथेच राहतो नाहीतर तिथेच जातो. धार असली की चिपा जाड पडतात आणि इंजिनचा आवाज एकसारखा राहतो. धार गेली की पिठासारखी धूळ निघायला लागते, हँडल थरथरतं, बेल्ट तापून वास येतो, आणि चालवणारा जोर देऊन चाक आत घुसवायला बघतो, तिथून बेअरिंगचं आयुष्य कमी व्हायला सुरुवात. एकावेळी इंच-दोन इंचच खाली उतरायचं आणि चाक या कडेपासून त्या कडेपर्यंत शांतपणे झुलवायचं, आवाज दबला की जरा मागे. गोल दातांचे प्रकार मिळतात ते सैल करून फिरवले की नवी धार समोर येते, तीनदा वापरता येतात, मला ते परवडतात. बोल्ट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, वापरा, अंदाजाने नको. आणि क्लचने चाक इंजिनपासून तोडलं तरी ते बराच वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय, चावी काढल्याशिवाय हात घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

आता मशीन. सगळे हॉर्सपॉवर विचारतात. मी आधी फाटक विचारतो. मागच्या अंगणात जायची वाट पुष्कळदा तीन फुटांच्या आसपास असते, बरीच सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे स्वतः चालणारी, मशीन 36 इंचांच्या आत बसवलेली असतात ती त्याचसाठी. काहींची बाहेरची जोडचाकं काढून मशीन अरुंद करता येतं, पण आत गेल्यावर ती परत लावायची, उतारावर तशीच चालवलीत तर मशीन कलंडतं. 60 हॉर्सपॉवरचं मशीन फाटकाबाहेर उभं राहिलं तर त्याचा हप्ता तर चालूच असतो.

हाताने झुलवायचं 13-14 हॉर्सपॉवरचं छोटं मशीन फुटाच्या आतल्या बुंध्यांना आणि अडचणीच्या जागी बरं, पण दिवसभर तेच केलंत तर खांदे आणि कंबर धरते. रोजचा धंदा करायचा तर 25 ते 40 मधलं, हायड्रॉलिकने म्हणजे तेलाच्या दाबाने चाक झुलवणारं, स्वतः चालणारं मशीन घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, घरगुती कामांतली बहुतेक त्याच्यात बसतात. मोठं ट्रॅकवालं डिझेल मशीन उघड्या जागेवर, रांगेने बुंधे असतील तिथे पैसे काढून देतं, मऊ जमिनीवर ट्रॅक कमी रुततो, पण ते ओढायला गाडीही तशीच दणकट लागते आणि तो खर्च लोक धरत नाहीत. ट्रॅक्टर किंवा लोडर आधीच घरी असेल तर त्याला लावायचं अटॅचमेंट स्वस्तात काम करतं, फक्त हायड्रॉलिकचा फ्लो, म्हणजे तेलाचा प्रवाह, पुरतो का ते बघा, आणि बसल्या जागेवरून चाक नीट दिसतं का तेही.

ब्रोशर वाचताना हॉर्सपॉवरच्या खालचे आकडे वाचा, चाक जमिनीखाली किती जातं, वर किती उंचीपर्यंत कापतं आणि एका जागेवरून किती रुंद झुलतं. झुलायची रुंदी कमी असली तर मोठ्या बुंध्याला मशीन सारखं पुढे मागे सरकवावं लागतं, वेळ तिथे जातो. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा बेल्ट आणि दात आज दुकानात आहेत का. मशीन कितीही नावाजलेलं असो, बेल्टसाठी पंधरा दिवस उभं राहिलं तर काय उपयोग.

जुनं घेत असाल तर नुसत्या अवर मीटरवर जाऊ नका, बंद मशीनचं चाक हाताने हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का बघा, झुलणाऱ्या आर्मच्या पिना बघा, दात बसतात त्या पॉकेटच्या वेल्डिंगला तडे आहेत का बघा, सिलिंडरवर ओल आहे का बघा. नुकतंच धुऊन रंगवलेलं मशीन असेल तर जास्तच वेळ घ्या. आणि कुठलंही घ्यायच्या आधी तसंच मशीन भाड्याने घेऊन चार-दोन कामं करा, भाड्याच्या मशीनचे दात मात्र घेतानाच तपासा, बोथट असले तर तिथेच बदलून मागा.

सुरक्षेचा वेळ भावात धरायलाच हवा. दळण्याआधी जमिनीखालून वीज, गॅस, पाणी, केबल काय जातंय याची खातरजमा, बुंध्याभोवतीचे दगड वेचणं, काचा आणि गाड्यांच्या बाजूला प्लायवूड उभं करणं, माणसं, पोरं, जनावरं लांब ठेवणं. चष्मा, कानाला मफ, जाड बूट. या चाकातून सुटलेला खडा खिडकी फोडतो, डोळाही फोडू शकतो. हे सगळं गाळून जो स्वस्त भाव देतो तो स्वस्त नाही, त्याने जोखीम गिऱ्हाईकाच्या अंगावर टाकलेली असते.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात छोट्या धंद्यांविषयी छापून येतं तेव्हा किती उलाढाल हे येतं, मशीनचा तास किती रुपयांना पडतो हे कधी येत नाही. ते छापा अशी कळकळीची विनंती, नवीन पोरांचं कर्ज वाचेल.

आणि गिऱ्हाईकांना एवढंच, की कोटेशन कागदावर घ्या, त्यात माप कुठे घेतलं, किती इंच खाली दळणार, वर दिसणारी मुळं धरलीत का आणि भुगा कोण नेणार हे लिहून घ्या. काम झालं की पैसे द्यायच्या आधी भुगा बाजूला करून टेप खाली सोडायला सांगा, मधेही आणि कडेलाही, कारण वरवर काम करणारा मधे खोल जातो आणि कडा तशाच ठेवतो.

आपला,
एक मशीनवाला वाचक