एका रात्रीची शिरगणती आणि तिच्यामागचे वर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केल्यापासून जातवार आकडे ज्यात शेवटचे प्रसिद्ध झाले त्या १९३१ च्या शिरगणतीचा दाखला वारंवार दिला जात आहे. आपल्या वृत्तपत्रातील अलीकडच्या एका लेखातही इंग्रजांनी एका रात्रीत सारा देश मोजला, असे वाक्य होते. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणनांत प्रगणक म्हणून काम केले आहे. त्या वाक्यात ज्यांचे श्रम दिसेनासे होतात, त्यांच्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात, असे मनापासून वाटले.

घरे मोजण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे नाही, कारण पेशवाईच्या दप्तरांत खानेसुमारीचे कागद आहेत. इंग्रजी अमलातली मोजणीही आरंभी तुकड्यातुकड्यांनी झाली. मुंबई बेटाची फेब्रुवारी १८६४ मध्ये, वऱ्हाडची १८६७ मध्ये आणि मुंबई इलाख्याची २१ फेब्रुवारी १८७२ रोजी. सर्व प्रांतांत एकाच वेळी मोजणी व्हावी, हे प्रथम १७ फेब्रुवारी १८८१ रोजी जमले. प्लाउडन हे त्या वेळचे जनगणना आयुक्त. मुंबई इलाख्याचे काम पाहणारे बेन्स पुढे १८९१ च्या मोजणीचे आयुक्त झाले. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी हे काम होत राहिले.

आता त्या रात्रीविषयी. तिच्या कित्येक महिने आधी जिल्ह्याचे चार्ज म्हणजे मोठे विभाग, चार्जची मंडळे आणि मंडळांचे गट पाडले जात आणि साधारण तीस ते पन्नास घरांचा एक गट एका प्रगणकाकडे येई. मग गेरूने किंवा डांबराने प्रत्येक दारावर क्रमांक घातला जाई. हे काम ऐकायला सोपे वाटते, पण एका वाड्यात चार चुली असतील तर ते एक घर की चार, हा प्रश्न प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे सुटला नाही. त्यानंतर काही आठवडे आधी प्रगणक घरोघर जाऊन काळ्या शाईने पहिली नोंद करी. ठरलेल्या रात्री सुमारे सात ते बारा या वेळात तो तीच पाने घेऊन पुन्हा फिरे आणि मधल्या काळात जो वारला किंवा परगावी गेला त्याचे नाव तांबड्या शाईने खोडून, जो जन्मला किंवा पाहुणा आला त्याचे नाव तांबड्या शाईनेच लिही. म्हणजे एका रात्रीची म्हणून जी मोजणी सांगितली जाते, ती आधीच लिहून झालेल्या वहीची अखेरची तपासणी होती. कंदील घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचे असल्यामुळे जत्रायात्रा आणि लग्नाच्या तिथी टाळून चांदणी रात्र निवडली जाई. १९३१ ची २६ फेब्रुवारी हीसुद्धा शुक्ल पक्षातली रात्र होती. रेल्वेच्या उतारूंची मोजणी स्थानकावर होई, मोजल्याची चिठ्ठी त्यांच्या हाती दिली जाई आणि तरीही जे राहिले असतील त्यांच्यासाठी पहाटे सहाच्या सुमारास गाड्या थांबवून डबे तपासले जात.

हे सारे करणारे बहुतेक लोक बिनपगारी होते. १९३१ मध्ये देशभरात सुमारे वीस लाख प्रगणक होते आणि त्यांत तलाठी, पाटील, कुलकर्णी, शाळामास्तर आणि गावातला लिहितावाचता येणारा जो कोणी सापडेल तो असे. सरकार दर खेपेला तेवढ्यापुरता कायदा करून त्यांना सरकारी नोकराचा दर्जा देई आणि काम नाकारणाऱ्यास दंडाचा धाक घाली. कायमस्वरूपी कायदा आपल्याला स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये मिळाला. या माणसांना दिलेल्या सूचना वाचताना आपलीच गल्ली समोर उभी राहते. घरातल्या बाईचे नाव सांगण्यास हरकत घेतली तर नुसते 'स्त्री' असे लिहावे. एका डोळ्याने अंध असलेल्याची नोंद अंध म्हणून करू नये. अंगावर केवळ कोडाचे पांढरे डाग असलेल्यास महारोगी लिहू नये. लोकांच्या दारात उभे राहून असे प्रश्न विचारणे किती अवघड असते, हे ज्याने विचारले त्यालाच ठाऊक.

त्या एका रात्रीचा अंश आमच्या वेळीही शिल्लक होता. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्रीच करायची असते. १९९१ मध्ये माझ्याकडे तालुक्याचे एसटी स्थानक होते. फलाटाच्या टोकाला गोधडीत गुरफटून झोपलेल्या एका म्हातारीला मी वय विचारले. तिने बराच विचार केला आणि "भात्तरच्या दुष्काळात माजा नातू रांगत व्हता, आता तूच बघ मास्तर," असे सांगितले. मी बॅटरीच्या उजेडात मनाशी हिशेब केला आणि पासष्ट लिहिले. त्रेसष्ट किंवा सदुसष्ट का नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे जुने अहवाल वाचताना कळले की त्या काळच्या कोष्टकांतही शून्य आणि पाच या अंकांवर संपणाऱ्या वयांची अशीच गर्दी आहे आणि ती ओसरवण्यासाठी विमागणिती, म्हणजे विम्यासाठी आयुर्मानाचे हिशेब करणारे तज्ज्ञ, नेमावे लागत. त्या प्रत्येक ठोकळ आकड्यामागे कोणीतरी मास्तर असाच थबकला असेल, ही जाणीव तेव्हापासून मला सोडत नाही.

मोजणी संपली की वह्या गणना कचेरीत जात. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक वेगळी चिठ्ठी करण्याची पद्धत आली. धर्माप्रमाणे कागदाचा रंग वेगळा आणि स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित यांसाठी छापील खूण वेगळी. कारकून या चिठ्ठ्या खणाखणांत टाकून मोजत. १९३१ ची लोकसंख्या सुमारे पस्तीस कोटी होती, म्हणजे तेवढ्या चिठ्ठ्या माणसांच्या बोटांखालून गेल्या. जातीच्या रकान्यात लोकांनी सांगितलेली हजारो नावे, त्यांत पोटजाती, धंदे, कुळे, गावे सारे काही, ठरावीक मथळ्यांखाली बसवण्याचे काम याच टप्प्यावर होई. १९०१ मध्ये आयुक्त रिस्ली यांनी जातींची प्रतिष्ठेच्या क्रमाने मांडणी करवून घेतली आणि त्याचा परिणाम असा झाला की १९११ मध्ये एकट्या बंगालमध्ये जातींचे नाव व दर्जा बदलून मागणाऱ्या अर्जांचे वजन दीड मण भरले. या आकड्यांवर माणसांचे हक्क ठरू लागले होते. १९३२ मध्ये मतदानाच्या हक्काचा विचार करणाऱ्या लोथियन समितीत अस्पृश्यांची संख्या किती, यावर तीव्र वाद झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते.

मोजणीत न आलेल्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. १८८१ मध्ये मेवाडच्या भिल्लांनी उठाव केला तेव्हा इतर तक्रारींबरोबर शिरगणतीची धास्तीही त्यामागे होती आणि तडजोडीत त्यांची मोजणी होणार नाही, असे आश्वासन द्यावे लागले. १९०१ मध्ये प्लेगमुळे मुंबई ओस पडली होती. त्या वर्षी शहराची संख्या ७,७६,००६ भरली आणि अवघ्या पाच वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ९,७७,८२२. पहिला आकडा चुकीचा नव्हता, कारण त्या रात्री तेवढीच माणसे शहरात होती. १९३१ मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत ११ जानेवारीचा रविवार शिरगणती-बहिष्काराचा दिवस म्हणून पाळला गेला आणि अहमदाबादेसारख्या शहरांत त्याचा परिणाम मोजणीवर झाला. ही चळवळ थांबवणारा गांधी-आयर्विन करार झाला तो ५ मार्चला, म्हणजे मोजणी उरकल्यावर आठवड्याभराने. १९३१ चे आकडे आज कोणत्याही बाजूने मांडणाऱ्यांनी हा संदर्भ सोबत ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परकीय सरकारचा हेतू काय होता, यावर बरेच लिहिले गेले आहे आणि त्या टीकेत तथ्य आहे. परंतु तयारीच्या बाबतीत त्या कारभाराने प्रगणकाच्या हातात गल्लीची यादी, क्रमांक घातलेली दारे आणि स्थानिक भाषेतल्या सूचना वेळेवर दिल्या होत्या. आम्हाला २००१ मध्ये वाढीव वस्तीचा नकाशा काम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी मिळाला आणि तोवर एक संपूर्ण आळी माझ्या आणि शेजारच्या प्रगणकाच्या, अशा दोघांच्याही गटांतून सुटली होती. ती आम्ही सुट्टीच्या दिवशी जाऊन पूर्ण केली.

म्हणून संबंधितांकडे तीन मागण्या आहेत. जातीच्या रकान्यासाठीची मराठी नामावली, पोटजाती आणि बोलीतली पर्यायी नावे यांसह, मोजणीच्या बऱ्याच आधी प्रसिद्ध करावी आणि तिच्यावर हरकती मागवाव्यात. प्रगणक शिक्षकांना त्या आठवड्यांत शाळेच्या इतर कामांतून मोकळे करावे. आणि फेब्रुवारीत कारखान्यांच्या आवारात खोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांसाठी वेगळे प्रगणक नेमावेत, कारण त्या दिवसांत गावातल्या त्यांच्या दाराला कुलूप असते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा