मामा, लॅपटॉपचा कान उघडल्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमचे सख्खे मामा नाही. शेजारच्या काकूंचे भाऊ म्हणून आमच्या गल्लीत सगळेच तुम्हाला मामा म्हणतात, तसं मीही म्हणते. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. दुसरंही कारण आहे. माझ्यासारखे जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून खेड्यात काम करणारे आणखी असतील आणि त्यांनाही लोक "लिनक्स टाकलं म्हणून नेट चालत नाही" असंच सांगत असतील. तुम्ही त्या दुपारी जे केलंत ते त्यांच्यापर्यंत पोचावं.

बाबांना अर्धांगवायू झाला आणि मी पुण्याची नोकरी सोडून दारव्हा तालुक्यातल्या या घरी परत आले. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांचा मजकूर टाइप करून देण्याचं काम मिळालं, म्हणून घर चाललं. एका तासाच्या मुलाखतीची फाइल ३०० एमबीच्या आसपास असते. फायबरची लाइन ३० एमबीपीएसची, राउटर माजघरात, मी बैठकीत, मधे अंतर जेमतेम दहा फूट. तरी लॅपटॉपवर वेग ०.६ च्या वर जायचा नाही. एक फाइल उतरायला सव्वा तास, आणि साठ टक्क्यांवर तुटली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी फाइल फोनवर उतरवून वायरने लॅपटॉपात घ्यायला लागले. दोनदा काम उशिरा गेलं. तिसऱ्यांदा गेलं असतं तर ते काम माझ्याकडे राहिलं नसतं, आणि मग बाबांना कुणाच्या भरवशावर ठेवून मी परत पुण्याला जायचं, हा विचार रात्री झोपू द्यायचा नाही.

मी काय काय करून पाहिलं नव्हतं! राउटर बंद-चालू केला, पासवर्ड बदलला, मिंट (माझं लिनक्स) पुन्हा नव्याने टाकलं. तालुक्याच्या दुकानात नेलं तर ते म्हणाले, विंडोज टाका नाहीतर नवीन घ्या. २०१५ सालचा, चार जीबी रॅमचा लॅपटॉप. विंडोजमध्ये तो उघडायलाच दहा मिनिटं घ्यायचा, म्हणून तर लिनक्स टाकलं होतं. घरात सगळे म्हणायचे, मातीची भिंत जाड आहे, वरून टिनं आहेत, नेट कसं येईल! मीही तेच धरून चालले होते. पण त्याच खुर्चीवर बसून माझ्या फोनला २८ मिळतात, ही गोष्ट माझ्या समोर होती आणि मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

काकूंकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला तुम्ही आला होतात. आंबील वाढता वाढता काकूंनी माझं रडगाणं तुम्हाला सांगितलं. मला वाटलं होतं, पोलीस बिनतारी विभागातून निवृत्त झालेला माणूस, वॉकीटॉकीचं सांगेल, लॅपटॉपचं काय सांगणार. तुम्ही हात धुतलेत आणि थेट आमच्या ओट्यावर येऊन बसलात. पहिलाच प्रश्न विचारलात तो अजून कानात आहे.

"पोरी, आधी मले हे सांग. हळू कोण हाय? लाइन हळू हाय का लॅपटॉप?"

मला उत्तर देता आलं नाही. सहा महिने मी "नेट हळू आहे" एवढंच म्हणत होते.

मग तुम्ही मला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला लावलंत आणि पिंग करायला, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहायला सांगितलंत, पण गुगलला नाही, आमच्याच राउटरला. १९२.१६८.१.१ हा त्याचा पत्ता. घरातल्या घरात, माजघरापर्यंतचा निरोप. कधी ५ मिलिसेकंद, कधी ६००, मधेच उत्तरच नाही. "दहा फुटांवरच्या माजघरात निरोप पोचत नाई, अन् तू मुंबईच्या सर्व्हरले दोष देऊन राहिली," म्हणालात. लगेच पिशवीतून निळी लॅन केबल काढलीत, राउटरला जोडलीत आणि वेग पाहिला तर २९. त्याच लॅपटॉपवर, त्याच लिनक्सवर. दोन मिनिटांत लाइनही निर्दोष सुटली आणि लिनक्सही. उरली फक्त हवेतली वाट. मामा, मला खरं तर तेव्हाच रडू आलं होतं. इतके दिवस लॅपटॉप टाकून द्यायचा विचार करत होते, आणि एवढ्याशा केबलीने सांगितलं असतं की तो धडधाकट आहे.

त्यानंतर तुम्ही वही मागितलीत. शाळेची जुनी शंभरपानी दिली. "एका टायमाले एकच गोष्ट बदलायची, अन् बदलायच्या आधीचा आकडा लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तं कोणती लागू पडली, थे देवालेही सांगता येत नाई." वहीच्या पहिल्या पानावर हे तुमच्याच अक्षरात आहे.

पहिला बदल वीज वाचवण्याच्या सेटिंगचा. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" अशी हाक देत असतो, त्या हाकेला बीकन म्हणतात. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपचा वायफाय दोन हाकांच्या मधे डुलकी घेतो, आणि त्याच्यासाठी आलेला निरोप राउटरला धरून ठेवावा लागतो. बऱ्याच चिपांना हे नीट जमतं, काहींना जमत नाही. आयडब्ल्यू या आज्ञेने 'पॉवर सेव्ह' बंद केलं आणि पिंग ६०० वरून ८ च्या आत आला. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हसला नाहीत. शंभर निरोप पाठवायला लावलेत, त्यातले बारा हरवले. वेग १.१. "अर्धं झालं. अर्ध्यावर खूश झालं का माणूस तिथंच बसते," म्हणालात. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलीत वायफाय पॉवरसेव्हसमोरचा ३ काढून २ लिहायचा म्हणजे पुन्हा चालू केल्यावरही ते बंदच राहतं, हे मात्र तेव्हाच वहीत उतरवून घेतलंत.

चॅनेलचं तुम्ही लवकर आटोपलंत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, शहरातल्या इमारतीत तिथेच गर्दी होते. आमच्या आसपास मोजून चार राउटर. पण ते पाहता पाहता तुम्ही मधेच थांबलात. फोनवर चार नावं दिसत होती: आमचं, काकूंचं, ग्रामपंचायतीचं, शाळेचं. लॅपटॉपवर फक्त आमचं.

"याले शाळा दिसत नाई," म्हणालात, आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत.

मग तुम्ही सिग्नलचा आकडा वाचायला लावलात. उणे ७८. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि दर दहा डेसिबलला ताकद दहा पट बदलते, हे मला त्या दिवशी कळलं. लॅपटॉप आणि राउटरमधला दुवा जोडला गेला होता तो फक्त ६.५ एमबीपीएसवर. दहा फुटांवर उणे ७८ म्हणजे काहीतरी भलतंच आहे, म्हणालात, आणि लॅपटॉप उचलून माजघरात राउटरला जवळजवळ टेकवलात. मोकळ्या हवेत अंतर दहावा हिस्सा केलं तर सिग्नल साधारण २० डेसिबलने वाढायला हवा. आकडा झाला उणे ७२. सहाच डेसिबल.

"भिंतीचा गुन्हा नाई. टिनाचा नाई. याचा कान बंद हाय. आयकू येत नाई तं कान पाहा, बोलणाऱ्यावर काहून ओरडतं?"

हे कुठल्या पुस्तकातून आलं नव्हतं. आयुष्यभर हातात सेट घेऊन, अँटेनाची पिन सैल झाली की काय होतं ते पाहिलेल्या माणसाकडून आलं होतं. दुकानात जे कुणाला सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, कारण तुम्हाला लॅपटॉपच्या आत कॉम्प्युटर दिसत नव्हता, बिनतारी सेट दिसत होता.

एलएसपीसीआय या आज्ञेने वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं, नाव काढलंत, आरटीएल ८७२३ बीई. त्या कार्डावर अँटेना जोडायच्या जागा दोन असू शकतात. काही लॅपटॉपांत अँटेना एकच बसवलेली असते, आणि कोणत्या जागेवर ती आहे याची कार्डात कोरलेली नोंद चुकीची असते. मग ड्रायव्हर रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. त्यासाठी ड्रायव्हरला एक पर्याय देता येतो, अँट-सेल. एक किंवा दोन. तुम्ही आधी कायमचं काही लिहू दिलं नाहीत. ड्रायव्हर काढला, १ देऊन परत घातला. उणे ७८, काहीच फरक नाही. वहीत लिहिलं. पुन्हा काढला, २ देऊन घातला.

उणे ४४.

चौतीस डेसिबल. म्हणजे सुमारे अडीच हजार पट, हा हिशेब तुम्ही वहीच्या कोपऱ्यात करून दाखवलात. दुवा ७२.२ वर गेला, वेग २६. लॅपटॉपवर शाळेचं नाव दिसलं आणि बाबा खाटेवरून म्हणाले, "आलं का गा?" आजारानंतर बाबांचं बोलणं फार थोडं राहिलं आहे. तेवढे तीन शब्द मी जपून ठेवले आहेत. मग हा पर्याय कायम राहावा म्हणून मोडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एक ओळीची फाइल केली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, आकडा तोच. तेव्हा कुठे तुम्ही चहा घेतलात.

चहा घेताना तुम्ही लॅरी फिंगर यांचं नाव सांगितलंत. अमेरिकेतले, लिनक्सचे बिनतारी ड्रायव्हर वर्षानुवर्षं सांभाळणारे, २०२४ साली वारले. अँटेना निवडायची ही सोय ड्रायव्हरमध्ये आली ती त्यांच्याच हातून. मी नंतर बसून त्यांचं लिहिणं वाचलं. अनोळखी माणसाच्या जुन्या लॅपटॉपसाठी किती शांतपणे उत्तरं देत होते! त्यांचेही आभार मानायचे होते, पण ते आता पोचणार नाहीत. म्हणून त्यांच्या वाट्याचेही तुमच्याकडेच देते, तुम्ही त्याच जातीचे आहात.

जाता जाता तुम्ही माझे ब्लूटूथचे हेडफोन पाहिलेत आणि ते बाजूला ठेवायला सांगितलेत. ब्लूटूथही २.४ मध्येच चालतं, आणि एका अँटेनावर दोघांनी आळीपाळीने बोलायचं म्हणजे वायफायचा वेळ कापला जातो. तेव्हापासून कामाला वायरचे इअरफोन वापरते. आवाजही स्वच्छ येतो, मुलाखतीतली म्हातारी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात तेही कळतं.

मामा, पैसे तुम्ही घेतले नाहीतच. तुरीची डाळ काकूंच्या हाती पाठवली ती पोचली असेल. पण मला तुमचे आभार वेगासाठी मानायचे नाहीत, किंवा नुसते वेगासाठी नाहीत. तुम्ही माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला नाहीत. प्रत्येक आज्ञा मला टाइप करायला लावलीत, चुकले तर थांबलात. याआधी ज्याने ज्याने लॅपटॉप पाहिला त्याने तो स्वतःकडे वळवून घेतला होता, आणि परत देताना "तुम्हाला नाही कळायचं ताई" असं सांगितलं होतं. तुमच्यासमोर मला एकदाही मूर्ख वाटलं नाही.

आता गावात पोरं मला बोलावतात. शाळेतल्या बाईंच्या लॅपटॉपचा आकडा उणे ८१ होता, मी लगेच अँटेना म्हणणार होते, पण वही उघडली आणि आधी फोन शेजारी धरला. फोनही उणे ७९. म्हणजे कान ठीक, बोलणाराच अडलेला. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला होता. कपाटावर ठेवला, उणे ५५ झाला. पान ९ वर आहे.

पण त्यातलं एक कोडं सुटलेलं नाही. शाळेत सिग्नल आता चांगला आहे, निरोप हरवत नाहीत, तरी रोज दुपारी दोननंतर पिंग ३०० च्या वर जातो आणि चारला आपोआप उतरतो. केबल लावूनही तेच होतं. मी अजून काहीच बदललेलं नाही, नुसते आठ दिवसांचे आकडे लिहून ठेवले आहेत. दिवाळीला काकूंकडे याल तेव्हा वही घेऊन येते.

तुमची,
काकूंच्या शेजारची पोरगी